सल्ल्याचे ऋण

दिवाळीच्या सुट्टीत जुनी मुले भेटायला येतात, हाच निवृत्त शिक्षकाचा खरा फराळ. पण फराळात कधी कधी खडाही निघतो. गेल्या दिवाळीत धानोऱ्याच्या माझ्या घरी एक जुना विद्यार्थी आपल्या बारावीतल्या पुतणीला घेऊन आला. "गुरुजी, हिने पुढे काय करावे, तुम्हीच सांगा," असे तो म्हणाला आणि मी गप्प झालो. २००८ साली याच ओसरीवर त्याच्या वडिलांनी मला हाच प्रश्न विचारला होता, आणि मी एका दमात उत्तर दिले होते, "डी. एड. करा. मास्तरकी म्हणजे पक्की भाकरी."

त्या उत्तरात वाईट हेतू नव्हता. पण तो मुलगा रानात उभ्या बांबूकडे पाहून त्याचे वय सांगत असे, हे मला ठाऊक असूनही मी ते विचारात घेतले नाही. मला जे साधले तेच त्यालाही साधेल, असे मी धरून चाललो. वडिलांनी बैलजोडी विकून फी भरली. मुलगा पदविका घेऊन बाहेर पडला आणि शिक्षकभरती रखडली, ती वर्षानुवर्षे रखडली. पुढे तो नागपुरास एका गोदामावर राखणदार होता, असे कानावर आले. शिकलेल्या मुलाने पुन्हा बांबू तोडावा, याची त्याला लाज वाटत होती. ती लाजही काही अंशी मीच त्याला शिकवली होती.

सल्ला देणाऱ्याचे काहीच जात नाही, घेणाऱ्याची बैलजोडी जाते. मग दुसऱ्याच्या पोटापाण्याविषयी बोलण्याचा अधिकार कोणाला असावा? 'कुणालाच नाही' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्याच्या घरात आजवर कोणी कचेरीची पायरी चढलेले नाही, त्याने कोणाला विचारावे? शहरातल्या मुलाला काका असतात, मामा असतात, बापाचे मित्र असतात. रानातल्या मुलाला एक मास्तर असतो. त्यानेही हात वर केले, तर तो नम्रपणा नव्हे. ती जबाबदारीतून काढलेली पळवाट होय.

या प्रश्नाचे उत्तर माझ्या दाराशीच होते. आमच्या तालुक्यातले मेंढा (लेखा) हे छोटे गोंड गाव आज दूरवर माहीत आहे. २००९ साली त्याला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ च्या एप्रिलात बांबू-वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. लोक या विजयाचे कौतुक करतात. मला मात्र त्यामागची रीत मोलाची वाटते. त्या गावाने अभ्यासगट चालवला. बाहेरचा जाणकार तेथे येई, बोले, वाद घाली, कायदा उलगडून दाखवी. निर्णय मात्र ग्रामसभा घेई, आणि तोही सर्वांच्या संमतीने. जाणकाराने अभ्यासात सोबत करावी. ज्याला भोगायचे आहे त्याने ठरवावे. माझी चूक हीच होती. मी अभ्यास वगळला आणि निर्णय तेवढा देऊन टाकला.

व्यवसाय-मार्गदर्शनाला शास्त्राचे रूप देणारा पहिला पुरुष म्हणून अमेरिकेतल्या फ्रँक पार्सन्सचे नाव घेतात. १९०८ साली त्याने बोस्टन येथे यासाठी एक कार्यालय उघडले. तो स्वतः इंजिनिअर, शिक्षक, वकील, प्राध्यापक अशी अनेक वळणे घेत आलेला होता. त्याचे सांगणे साधे होते : आधी माणसाने स्वतःला ओळखावे, मग कामाची खरी माहिती घ्यावी, आणि शेवटी दोहोंचा मेळ विचारपूर्वक घालावा. तो मेळ ज्याचा त्याने घालायचा. दुसऱ्याने फार तर दिवा धरायचा. अठरा अध्याय सांगून झाल्यावर श्रीकृष्णानेसुद्धा शेवटचा निर्णय अर्जुनावरच सोपवला, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

आमच्याच तालुक्यात चातगावजवळ शोधग्राम आहे. तेथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने २००६ साली 'निर्माण' हा उपक्रम सुरू केला. डॉक्टर, इंजिनिअर झालेली किंवा होऊ घातलेली तरुण मुले तेथे शिबिरांना येतात आणि आपल्या जगण्याचे प्रयोजन काय, याचा शोध घेतात. हातात पदवी असलेल्यांनाही हा प्रश्न सुटलेला नसतो, हे पाहून मला जरा धीर आला. वाट बदलणे म्हणजे हरणे नव्हे, एवढे तरी मी त्या मुलाला वेळीच सांगायला हवे होते.

आज तो त्याच्या गावच्या ग्रामसभेचे बांबूचे व तेंदूपानाचे हिशेब लिहितो आणि समाधानी दिसतो. मी चाचरत क्षमा मागितली. तो म्हणाला, "गुरुजी, तुमचा सल्ला चुकला त्याचे मला काही नाही. चूक कोणाची होत नाही? पण मला नोकरी लागली नाही, तेव्हा बाजाराच्या दिवशी तुम्ही मला पाहून रस्ता बदलत होता. ते मात्र लागले."

खरेच आहे. मी रस्ता बदलत होतो. सल्ला देणे म्हणजे ऋण काढणे. सल्ला खरा ठरला तर ते फिटते असे नाही; तो खोटा ठरला तरी त्या माणसासमोर उभे राहावे, तेव्हाच ते फिटते.

पुतणीला मी काही सांगितले नाही, विचारले. परिचारिका व्हावेसे वाटते, म्हणाली. त्या कामातले मला काही कळत नाही, हे मी कबूल केले आणि इथल्या ग्रामीण रुग्णालयातल्या एका सिस्टरांकडे तिला घेऊन गेलो. रात्रपाळी, पगार, रक्त, रडणारे नातेवाईक, सगळे त्यांनी सांगितले. परतताना ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजोबा, ठरवले आणि चुकले तर?"

"तर पुन्हा ये," मी म्हणालो. "मी रस्ता बदलणार नाही."