विरघळणे आणि विसर्जन

पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हा पाण्यात विरघळणारा कृत्रिम बहुवारिक आहे. व्हिनाइल अल्कोहोलचा सुटा रेणू टिकत नाही, त्याचे ॲसिटाल्डिहाइड होते. म्हणून आधी पॉलिव्हिनाइल ॲसिटेट बनवून त्यावर मिथेनॉल आणि अल्कली यांची क्रिया करतात. १९२४ साली जर्मनीत हेर्मान आणि हेनेल यांनी तो प्रथम तयार केला. सुमारे ८८ टक्के ॲसिटेट गट निघालेली जात गार पाण्यात विरघळते. ९८ टक्क्यांपुढची गरम पाण्याशिवाय दाद देत नाही. ताण्याची खळ, कागदाचे लेपन, गोंद, धुलाईच्या द्रावणाच्या विरघळणाऱ्या पुड्या, डोळ्यांचे थेंब अशी त्याची कामे.

विरघळल्यावर तो जातो कुठे? रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या रसायनतज्ज्ञाला आणि पेणच्या मूर्तिकाराला हा प्रश्न दोन अंगांनी पडावा असा आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला पाण्यात मीठ टाकायला लावतो. सकाळी मीठ दिसत नाही, पण वरचे, मधले, तळाचे पाणी खारटच लागते. बहुवारिकाचेही तेच. हायड्रॉक्सिल गट पाण्याशी बंध जोडतात, साखळी मात्र तुटत नाही. पाणी आटले की पारदर्शक पापुद्रा परत हाती येतो. साखळी मोडायला तिला सरावलेले सूक्ष्मजीव लागतात.

पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणेशमूर्तींचा शाडू तर विरघळतच नाही. कच्ची मूर्ती पाण्यात ठेवली की बुडबुडे निघतात, कडा सुटतात, सोंड गळते आणि तळाशी गाळ बसतो. रसायनशास्त्र याला विखुरणे म्हणते. उलट घट्ट झालेले प्लास्टर खरोखर विद्राव्य आहे, पण लिटरमागे जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. म्हणजे विद्राव्यतेच्या परीक्षेत शाडू नापास आणि प्लास्टर काठावर पास! तरीही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचना शाडूच्या बाजूने आहेत, आणि ते रास्तच आहे.

पार्थिव पूजेची अटही विरघळण्याची नाही. उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती जागची किंचित हलवली की देवाला निरोप दिला गेला. पाण्यात जाते ती माती, आणि तिने मातीला मिळावे एवढीच अपेक्षा. शाडूचा गाळ उपसून, वाळवून पुन्हा मळता येतो. या बहुवारिकाची मूर्ती कोणी घडवलीच, तर ती डोळ्यांदेखत नाहीशी होईल, पण उद्दालकाच्या मिठासारखी पाण्यातच राहील. ते अदृश्य होणे ठरेल, पार्थिव विसर्जन नव्हे.