न केलेला फोन

वाचकहो, एखाद्याला फोन करावयाचा आहे हे पुरते ठाऊक असूनही आपण तो आठवडेच्या आठवडे पुढे ढकलतो. याला आळस म्हणावे की पाप? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु पन्नाशी उलटली की अशा फोनांची यादी लांबत जाते. गॅसची नोंदणी, बँकेतील काम, दातांच्या डॉक्टरांची वेळ, आणि यादीच्या तळाशी एखादे दुःखी घर.

भाषांतराच्या कामानिमित्त मी काही महिने म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात राहिलो. १९०६ साली सुरू झालेले मिशन हॉस्पिटल याच भागात आहे. माझी कन्नड तोडकीमोडकी. समोरासमोर हातवारे मदतीस येतात, फोनवर केवळ आवाज. म्हणून साध्या चौकशीसाठीही मी पायी जाई आणि त्याला व्यायाम म्हणे. पण भाषा ही निव्वळ सबब होती. सोलापूरच्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांच्या पत्नी प्रभूमध्ये निजल्या होत्या. त्यांच्याशी मराठीतच बोलायचे होते, आणि नेमका तोच फोन मागे राहिला.

असे का व्हावे? भाषांतरकाराला खाडाखोडीची सवय असते. एका वचनाचे दहा मसुदे करता येतात. बोललेल्या शब्दाचा दुसरा मसुदा नसतो. योग्य शब्द सापडेपर्यंत मी थांबलो. थांबल्याने लाज वाढली आणि लाजेने आणखी थांबलो. ईयोबाचे मित्र सात दिवस निःशब्द त्याच्याजवळ बसले, तेव्हा ते चुकले नाहीत. त्यांची चूक झाली ती पुढे, शब्द सापडल्यावर! हे मी इतरांना शिकवले होते.

पूर्वी ट्रंक कॉल लावून ताटकळावे लागे, एस.टी.डी.चे दर उतरण्याची वाट पाहावी लागे. तेव्हा अडचण बाहेर होती. आज यंत्र खिशात आहे आणि अडचण मनात.

सुभेदार फेलिक्स आठवा (प्रे. कृत्ये २४:२४-२७). पौलाचे बोलणे ऐकून तो भ्याला. त्याने नकार दिला नाही. सवड होईल तेव्हा बोलावीन, एवढेच सांगितले. पुढे वारंवार बोलावलेही, पण निकाल दिला नाही. दोन वर्षे लोटली, आणि ती पौलाने कैदेत काढली. दिरंगाई एकाची, किंमत दुसऱ्याची. मला वाटते, आपल्या प्रश्नाची कसोटी येथेच आहे. विलंबाचा भुर्दंड माझ्यापुरता असेल, तर तो दुबळेपणा. तो शेजाऱ्यावर पडत असेल, तर याकोब ४:१७ आपल्याला सुटू देत नाही.

एके सकाळी प्रार्थनेनंतर, मेजाकडे न वळता, मी फोन लावला. "उशीर झाला, क्षमा करा," एवढेच सुचले. ते म्हणाले, "पहिल्या आठवड्यात पुष्कळांचे फोन आले. आता संध्याकाळ सरत नाही. बोला." मी फारसे बोललो नाही, ऐकत राहिलो.

त्यांच्या प्रेमळपणाने माझा उशीर पुसला गेला, असे मी मानत नाही. मधल्या संध्याकाळी त्यांनी एकट्यानेच काढल्या. परंतु उशीर झाला म्हणून कधीच न करणे, ही त्या उशिरात घातलेली भरच होय.

वाचकहो, यादीतील इतर कामे थांबू शकतील. जेथे कोणी वाट पाहत आहे, तो फोन आधी करा. शब्द नसतील तरी चालेल. इब्री लोकांस पत्राचा लेखक ज्याला 'आज' म्हणतो (३:१३), तो दिवस अजून मावळलेला नाही.