पाण्याच्या वाटेवरील शेजारी

पुणें शहरांत व त्याच्या आसपास अलीकडे एक चांगली चाल पडली आहे. सुटीच्या दिवशीं सकाळीं वीस-पंचवीस माणसें एकत्र जमतात, आणि एखाद्या जाणत्या वाटाड्यास पुढें घालून तळ्याच्या कांठानें किंवा नदीच्या उगमाकडे पायीं फिरावयास जातात. कोणी पक्षी दाखवितो, कोणी झाडें ओळखावयास शिकवितो, कोणी पाणी कोठून येतें व कोठें जातें हें समजावून सांगतो. ‘जीवितनदी’ या संस्थेचे कार्यकर्ते अशा रीतीनें लोकांस नदीकांठीं नेतात. पाषाणच्या तळ्याभोंवतींही अशा फेऱ्या होतात. खेड्यांतील आमच्या वाचकांस हें ऐकून कदाचित् हंसूं येईल. ज्यास रोज गुरांमागें दोन कोस चालावें लागतें, त्यास मुद्दाम चालावयास जाणें हें शहरी लोकांचें खूळ वाटावें यांत नवल नाहीं. परंतु या फेऱ्यांच्या मागें एक प्रश्न उभा आहे, व तो जितका शहराचा तितकाच खेड्याचाही आहे. आपण पितों तें पाणी कोठून येतें, आणि आपण सोडतों तें पाणी कोणाच्या दारीं जातें, हें जाणून घेणें माणसाचें कर्तव्य आहे, कीं तें केवळ हौशी लोकांचें काम आहे?

प्रथम पाषाणच्या तळ्याचेंच उदाहरण घेऊं. पुण्याच्या पश्चिमेस भुकूमजवळच्या डोंगरांत रामनदी उगम पावते. भूगांव, बावधन, पाषाण, बाणेर या गांवांच्या शिवारांतून वाहत ती औंधाजवळ मुळेस मिळते. इंग्रजी अमदानींत या नदीस बांध घालून पाषाणचें तळें केलें, आणि त्याचें पाणी गणेशखिंडींतील गव्हर्नरच्या वाड्यास पुरविलें. तोच वाडा आज पुणें विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. पुढें शहर वाढलें, शेतांच्या जागीं इमारती आल्या, कित्येक ओहोळ नळांत घातले गेले किंवा बुजले, आणि वरच्या वस्त्यांचें सांडपाणी नदीवाटे तळ्यांत येऊं लागलें. त्या सांडपाण्यावर पोसून जलपर्णी माजली. ती काढण्यास माणसें व यंत्रें लावावीं लागतात. एकदां काढली तरी ती पुन्हां वाढते.

जो मनुष्य केवळ तळ्याच्या बांधावर उभा राहतो त्यास ही वनस्पतीच रोग वाटते. पण पावसाचें पाणी ज्या ज्या उतारावरून एका तळ्यांत येतें, तो सारा प्रदेश म्हणजे त्या तळ्याचा पाणलोट होय. तळें हें घरांतील रांजणासारखें आहे. रांजणांत गढूळ पाणी दिसलें तर रांजण घांसून काय उपयोग? ज्या घागरींनीं तो भरला त्या घागरी पाहिल्या पाहिजेत. तळ्यापासून वर नदीच्या कांठानें जो चालत जातो, त्यास या घागरी एकेक करून दिसतात: येथें एक नाला नदीस मिळाला, येथें मातीचा भराव पडला, येथें डोंगराचा उतार खणून उघडा केला. म्हणून पाणलोटाची फेरी ही नुसती करमणूक नव्हे. कारण शोधण्याचा तो मार्ग आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एखाद्याच्या हातून दुसऱ्याची हानि झाली आणि तो म्हणाला, “मला ठाऊक नव्हतें,” तर आपण त्यास बहुधा क्षमा करितों. आणि तें योग्यच आहे. परंतु अज्ञान दोन प्रकारचें असतें. एक, जें दूर करणें मनुष्याच्या हातीं नसतें. आणि दुसरें, जें दूर करणें हातीं असूनही तो करीत नाहीं, कारण जाणल्यावर कांहीं करावें लागेल ही भीति त्याच्या मनांत असते. पहिलें निर्दोष आहे. दुसऱ्यास निर्दोष म्हणतां येत नाहीं. आंधळ्यास खड्डा दिसला नाहीं तर त्याचा दोष नाहीं. पण डोळस माणूस डोळे मिटून चालला व कोणावर आदळला, तर त्यास आपण काय म्हणूं? जें अज्ञान अर्ध्या दिवसाच्या चालण्यानें नाहींसें होतें, तें सबब म्हणून पुढें करण्याचा अधिकार आपणांस फारसा उरत नाहीं.

तथापि येथें न्यायानें बोललें पाहिजे. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईस अर्धा दिवस म्हणजे अर्ध्या दिवसाची भाकर आहे. तिला आम्ही हा बोल लावीत नाहीं. ज्याच्यापाशीं सवड अधिक, विद्या अधिक, किंवा सत्ता अधिक, त्याच्यावर जाणून घेण्याचा भार अधिक. जो इमारतीचा नकाशा काढितो, जो त्यास परवानगी देतो, जो वरच्या अंगास घर घेतो, त्यानें तरी आपल्या दारचें पाणी कोठें उतरतें हें पाहिलेंच पाहिजे.

न पाहण्याचें फळ कोणाच्या पदरीं पडतें, हें पुण्याच्या दक्षिणेकडे दिसून आलें. नानासाहेब पेशव्यांनीं इ. स. १७४९ च्या सुमारास कात्रज येथें पाणी अडवून तळें बांधविलें, आणि जमिनीखालच्या बांधीव नळानें तें पाणी शहरांतील हौदांपर्यंत आणविलें; नळावर जागोजाग उच्छ्वास बांधिले होते. त्याच कात्रजच्या बाजूनें आंबील ओढा येतो व दाट वस्तीमधून जाऊन मुठेस मिळतो. उन्हाळ्यांत तो पाहिला तर गटाराहून अधिक वाटत नाहीं. म्हणून त्याच्या पात्रांत हळूहळू भराव पडले, भिंती आल्या, वाट अरुंद झाली. ता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं अतिवृष्टि झाली, आणि ओढ्यानें आपली जुनी वाट परत मागितली. कांठच्या घरांत पाणी शिरलें, भिंती पडल्या. त्या पुरांत शहर व जिल्हा मिळून वीसांहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. ज्यांनीं वर भराव टाकिले आणि जे खालीं बुडाले, ते एकमेकांस ओळखत नव्हते. तरीही ते शेजारीच होते. भिंतीला भिंत लागून असणारा तेवढाच शेजारी, असें आपण समजतों. पण पाण्याचा शेजार याहून लांब पोंचतो. वरच्यानें जें केलें तें खालच्यास भोगावें लागतें, मग दोघांमध्यें चार कोसांचें अंतर कां असेना.

कोणी म्हणेल, “पाहून काय होतें? लोक फिरून येतात, छायाचित्रें काढितात, न्याहारी करितात व घरीं जातात.” हा आक्षेप खोटा नाहीं. पाहणें म्हणजे कर्तव्य पुरें करणें नव्हे. आणि जो पाहून स्वस्थ बसतो त्याचा दोष न पाहणाऱ्याहून मोठा, हेंही आम्ही मान्य करितों. परंतु पाहण्याचा एक गुण असा आहे कीं, तो पुष्कळांनीं मिळून केला म्हणजे त्यांतून गांवाची स्मृति तयार होते. कोरडा ओढा बुजविणें सोपें असतें, कारण येथें ओढा होता अशी साक्ष देणारा कोणी नसतो. ज्या ओढ्यास शंभर माणसें नांवानें ओळखतात, त्याची वाट दरसाल चालतात, तो निमूटपणें बुजवितां येत नाहीं. कोणी तरी उठून विचारतोच. नगरपालिकेचें काम नगरपालिकेनें करावें हें खरें. पण काय करावें हें सांगणारे नागरिक असल्यावांचून कोणतीही पालिका तें फार काळ करीत नाहीं.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. तळें सुंदर असतें, आणि सौंदर्य पुष्कळ गोष्टी झांकून टाकितें. पुणेकर खडकवासल्याच्या कांठीं जातात. मुठेवरील तें धरण १८७९ सालीं पुरें झालें. त्याच्या वर पानशेत, वरसगांव व टेमघर हीं धरणें पुढें झालीं. या पाण्याखालीं गांवें गेलीं, शेतें गेलीं, देवळें व चावड्या गेल्या, आणि तेथील कुटुंबांस बिऱ्हाड उचलून परक्या शिवारांत जावें लागलें. ता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासलाही फुटला आणि पुणें बुडालें. त्या दिवसाची आठवण शहरानें जपून ठेविली आहे. परंतु धरणासाठीं जीं गांवें कायमचीं बुडालीं त्यांची आठवण शहरास किती आहे? पाणीपट्टी भरली म्हणजे पाण्याचें मोल दिलें असें आपण मानितों. त्या कुटुंबांचें ऋण मात्र तेवढ्यानें फिटत नाहीं.

म्हणून वाटाड्या कोण असावा, हा प्रश्न आम्ही महत्त्वाचा समजतों. पक्ष्यांचा अभ्यासक अवश्य असावा. त्याच्यावांचून जांभळी पाणकोंबडी आणि साधी पाणकोंबडी यांतला भेद आम्हांस कोण सांगेल? पण त्याच्या जोडीस मासे धरणारा, शेळ्या राखणारा, त्या कांठीं जन्मलेली एखादी म्हातारी, आणि ज्याचें शेत पाण्याखालीं गेलें असा एखादा शेतकरी असावा. त्यांच्या तोंडून ऐकिलें म्हणजे तळ्याचा इतिहास पुरा होतो.

तळ्याकडे पायीं जाण्यास आपल्या महाराष्ट्रांत एक थोर अर्थ प्राप्त झालेलाच आहे. ता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाड येथें हजारों बंधुभगिनींस घेऊन चवदार तळ्याकडे चालत गेले व त्यांनीं तेथील पाणी ओंजळींत घेऊन प्यालें. पाणी सर्वांचें आहे हें त्या चालण्यानें सिद्ध केलें. ज्या देशांत शेजाऱ्यास पाण्याजवळ येऊं न देणें हा धर्म मानला गेला, त्या देशांत तळ्याभोंवतीं सर्वांनीं मिळून चालणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. मात्र आजच्या फेरींत सर्व येतात काय, कीं एकाच पेठेचे व एकाच थराचे लोक येतात, हें फेरी काढणारांनीं स्वतःस विचारावें.

आतां खेड्याविषयीं. पाणलोटाचें काम ज्या गांवांनीं नीट केलें, तेथें आरंभ बहुधा शिवारफेरीनें झाला. गांवकरी मिळून माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालतात. कोठें माती वाहते, कोठें चर खणावा, कोठें बांध घालावा हें उभ्या जागीं ठरवितात. माथा सोडून पायथ्याशीं बांध घातला तर तो गाळानें भरतो, हें चालल्यावांचून पटत नाहीं. याहून पुढचें पाऊल पुरंदर तालुक्यांतील नायगांवीं पडलें. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे अभियंते कै. विलासराव साळुंखे यांनीं तेथें पाणी पंचायतीचें काम उभें केलें. पाणी जमिनीच्या मापानें न देतां कुटुंबांतील माणसांच्या मापानें द्यावें, भूमिहीनासही त्यांत वांटा असावा, व फार पाणी पिणारा ऊस लावूं नये, असे त्यांनीं नियम ठरविले. पाणी अडविण्याची विद्या पुष्कळांपाशीं आहे. अडविलेलें पाणी न्यायानें वांटण्याची वृत्ति मात्र दुर्मिळ आहे. ज्याची विहीर वरच्या अंगास, तो मोठें यंत्र लावून रात्रंदिवस उपसा करितो, आणि खालच्याची विहीर माघांतच कोरडी पडते. हें पाप कोणत्याही दप्तरांत लिहिलें जात नाहीं. खालच्याच्या बायकोच्या डोक्यावरील हंड्यांत मात्र तें रोज मोजलें जातें.

प्रिय वाचकहो, आमची सूचना साधी आहे. दरसाल मृगाच्या आधीं एक दिवस ठरवावा. शाळेनें, ग्रामपंचायतीनें किंवा तुमच्या मंडळीनें पुढाकार घ्यावा, आणि गांवांतील सर्व वस्त्यांतील लोकांस बोलवावें. डोंगराच्या माथ्यापासून निघावें व गांवाचें पाणी जेथें हद्द ओलांडतें तेथपर्यंत चालावें. मुलांस बरोबर घ्यावें. वृद्धांस जुन्या ओढ्यांचीं नांवें विचारावीं. वाटेंत तीन प्रश्न मनांत ठेवावे: हें पाणी आम्हांस कोणामुळें मिळतें? आमच्या गांवांत तें कोणास कमी पोंचतें? आणि आमच्या हद्दीपलीकडे तें कोणत्या स्थितींत जातें? फेरी संपल्यावर एक काम, मग तें लहान कां असेना, ठरवून उठावें: एखादा चर, एखादें गटार, एखाद्या विहिरीच्या उपशाची वेळ.

यांत मोठा पराक्रम नाहीं, आणि एका वर्षांत कोणतेंही तळें निर्मळ होणार नाहीं. परंतु जो एकदां खालच्या वस्तीपर्यंत चालत गेला व तेथील माणसांशीं बोलला, त्यास दुसऱ्या दिवशीं आपल्या दारचें घाण पाणी ओढ्यांत सोडतांना त्या माणसांचे चेहरे आठवतील. तेवढें झालें तरी त्या दिवसाचें चालणें सार्थकीं लागलें असें आम्ही समजूं.