दुरून डोंगर साजरे

'दुरून डोंगर साजरे' ही आपल्याकडची मोठी नावाजलेली म्हण. कोणाच्या भाग्याचा हेवा वाटू लागला, की घरातील वडील मंडळी ती हमखास ऐकवतात. जवळ जाऊन पाहा, म्हणजे दगडधोंडे आणि काटेकुटे दिसतील, असा तिचा रोख. म्हणजे दूरचा डोंगर खोटा आणि जवळचा धोंडा खरा, असा निवाडा तिने आधीच देऊन टाकला आहे. परंतु हा निवाडा न्यायाचा आहे काय? दुरून दिसणारी ती निळी रांगही त्या डोंगराचीच ना? अधिक स्पष्ट पाहिले म्हणजे अधिक खरे पाहिले, हे आपण कशाच्या आधारावर धरून चालतो?

हा वाद घरबसल्या घालण्याचा वाटतो खरा. परंतु न्यूझीलंडमधील एका दिग्दर्शकाने अपार पैसा ओतून त्याची जणू परीक्षाच घेतली. पीटर जॅक्सन हे त्यांचे नाव. टॉल्कीन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या अद्भुत कादंबरीवरचे त्यांचे तीन चित्रपट २००१ ते २००३ या काळात आले. ते फिल्मच्या रिळांवर चित्रित झाले होते. पुढे त्याच लेखकाच्या 'द हॉबिट'वर २०१२, २०१३ आणि २०१४ साली आणखी तीन चित्रपट आले. या वेळी रिळे गेली आणि डिजिटल कॅमेरे आले.

बोलपट आले तेव्हा सेकंदाला २४ चित्रे ही गती रूढ झाली. आवाज नीट उमटावा आणि फिल्मही फार खर्ची पडू नये, असा तो व्यवहारी तोडगा होता; पण साऱ्या जगाचे डोळे तिलाच सरावले. जॅक्सन यांनी ती दुप्पट केली. सेकंदाला ४८ चित्रे! शिवाय चित्राला खोली यावी म्हणून प्रत्येक दृश्य दोन कॅमेऱ्यांनी टिपायचे, एक डाव्या डोळ्यासाठी आणि एक उजव्या. माणसाचे डोळे जितके जवळ असतात तितके जवळ हे कॅमेरे काही बसेनात. तेव्हा मध्ये एक आरसा घातला. एक कॅमेरा त्यातून आरपार पाही, दुसरा त्यातले प्रतिबिंब टिपी. पडदा नाहीसा व्हावा आणि खिडकी उघडल्यासारखे वाटावे, हा हेतू.

यातली एक गंमत सांगण्याजोगी आहे. या व्यवस्थेत रंग फिके उमटत. म्हणून बुटक्यांच्या चेहऱ्यांवर तांबडा रंग नेहमीपेक्षा अधिक चढवावा लागला. मर्कवूडच्या भयाण अरण्यातील झाडे तर जत्रेतल्या खेळण्यांसारखी भडक रंगवली, आणि चित्रीकरण आटोपल्यावर संगणकावर रंगसंस्कार करताना तो सारा भडकपणा पुन्हा उतरवला. खरे दिसावे म्हणून आधी अधिक खोटे करायचे, असा हा उलटा व्यवहार!

पहिला चित्रपट डिसेंबर २०१२ मध्ये आला, आणि नव्या गतीने तो पाहणारे पुष्कळ प्रेक्षक व समीक्षक कुरकुरू लागले. तक्रार काय, तर चित्र फार स्पष्ट आहे! दाढी चिकटवलेली वाटते, खडक रंगवलेला वाटतो, टीव्हीवरची मालिका पाहिल्यासारखे वाटते. दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी जॅक्सन यांनी रंगसंस्कारात चित्र मुद्दाम थोडे मऊ करून घेतले. जो धूसरपणा घालवण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यातला थोडा पुन्हा घरात घ्यावा लागला.

आता पाहा, कॅमेरा खोटे बोलला नव्हता. दाढी चिकटवलेली होतीच. मग खरे सांगूनही रसभंग का व्हावा? याचे उत्तर आपल्या अंगणात आहे. दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात. त्याच्या दरवाजातून तिथला मावळा कधी आत जाऊ शकत नाही. तो बुरुजाहून उंच असतो. तरी किल्ला खोटा आहे असे कोणी म्हणत नाही. पाहणारा फसलेला नसतो. उरलेले मी माझ्या मनाने पुरे करीन, अशी त्याने मुकाट्याने संमती दिलेली असते. अद्भुत कथेतले सत्य या देवघेवीत असते. सारेच काठोकाठ दाखवले, की पाहणाऱ्याला करण्यासारखे काही उरत नाही. मग तो बिचारा दाढी तपासत बसतो.

परंतु प्रेक्षकाच्या रसभंगापेक्षा गंभीर गोष्ट पडद्यामागे घडली. गँडाल्फ हा जादूगार उंच, आणि त्याच्या भोवतीचे तेरा बुटके ठेंगणे. पूर्वीच्या चित्रपटांत नटांना कॅमेऱ्याच्या जवळ-दूर बसवून हा फरक साधत असत. तीही लबाडीच. तेव्हाही नटांची नजरानजर पुरती होत नसे. तथापि दोघे एकाच जागी असत, एकमेकांचा श्वास ऐकत असत. दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्यापुढे ही युक्ती चालेना, कारण कोण जवळ आणि कोण दूर हे तो लगेच उघड करी. तेव्हा जेवणाच्या प्रसंगासाठी दोन नेपथ्ये उभारली. एकात सगळे बुटके, दुसऱ्या हिरव्या खोलीत एकटे इयन मॅकेलन. एका कॅमेऱ्याच्या हालचालीबरोबर दुसरा यंत्राने आपोआप हाले. मॅकेलन यांच्यापुढे माणसे नव्हती. खांबांवर लावलेली चित्रे होती. ज्याची बोलण्याची पाळी येई त्याच्या चित्राजवळ दिवा लागे आणि कानातल्या यंत्रातून आवाज येई. सत्तरी ओलांडलेला हा थोर नट तिथे रडला. मी यासाठी नट झालो नव्हतो, अशा अर्थाचे ते काही बोलले, ते बाहेर ऐकू गेले. पुढे सहकाऱ्यांनी त्यांचा तंबू जुन्या चित्रपटांतल्या वस्तूंनी सजवला.

कोणी म्हणेल, यात बिघडले काय? पडद्यावर तर सगळे एकाच टेबलाशी बसलेले दिसतात. फळ गोड निघाले. झाड कसे वाढले याची चौकशी कशाला? मला हा युक्तिवाद पटत नाही. माणसाचे काम म्हणजे त्यातून निघणारा माल एवढेच नव्हे. ते करताना समोर कोण होते, कोणाच्या हसण्याने आपल्याला हसू आले, हाही त्या कामाचाच भाग असतो. तो काढून घेतला आणि माल तसाच राहिला, तरी काम करणाऱ्याचे काही हिरावले गेलेच.

मग दोष यंत्राचा म्हणायचा काय? तसेही म्हणता येत नाही. त्याच चित्रपटात गॉलम नावाचे एक केविलवाणे, दुष्ट पात्र आहे. त्याचा सारा देह संगणकावर घडवलेला. त्याच्याइतके कृत्रिम दुसरे काही नाही. तरीही बिल्बो आणि गॉलम यांचा कोड्यांचा प्रसंग अनेकांना त्या चित्रपटात सर्वांत जिवंत वाटला. का? तर मार्टिन फ्रीमन आणि अँडी सर्किस हे दोन नट एकाच गुहेत समोरासमोर उभे होते. सर्किस यांच्या अंगावर हालचाली टिपणारा पोशाख, चेहऱ्यापुढे छोटा कॅमेरा. पण डोळे त्यांचे स्वतःचे आणि समोर माणूस खरा. नाटकासारखा तो प्रसंग अथपासून इतिपर्यंत त्यांनी पुनःपुन्हा केला. पूर्वीच्या चित्रपटांच्या वेळी सर्किस यांना तेच काम नंतर एकट्याने पुन्हा करावे लागे. तो एकांत नव्या यंत्रानेच मोडला! एकाच कारखान्यातल्या यंत्रांनी एका म्हाताऱ्याला एकटे पाडले आणि दोघांना एकत्र आणले.

तेव्हा म्हणीतली चूक माझ्या मते अशी, की स्पष्ट दिसणे आणि जवळ असणे या दोन गोष्टी ती एकच समजते. परदेशी गेलेल्या मुलाचा चेहरा हल्ली फोनच्या काचेत इतका लख्ख दिसतो, की कपाळावरची नवी आठीही मोजता यावी. तरी फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेल्या आईला तो जवळ आला असे वाटत नाही. याचा अर्थ फोन फेकून द्यावा असा नव्हे. नसण्यापेक्षा तो शतपटींनी बरा. फक्त काचेत सगळे दिसते आहे, मग आता घरी येण्याची काय गरज, असे जेव्हा कोणी म्हणू लागेल, तेव्हा त्याला त्या हिरव्या खोलीतल्या जादूगाराची हकिगत सांगावी.