लांबची वाट

रावेर तालुक्यातल्या एका गावात मृगाचा पहिला पाऊस झाला आणि केळी भरलेला ट्रक मळ्याच्या वाटेवर रुतला. काळी माती ती. चाक फिरवावं तितकं खाली जाई. घड कापून झालेले, माल थांबवून चालणार नव्हतं. मालकाने वस्तीवर निरोप धाडला आणि वीस माणसं निघाली. त्यांत वाऱ्यासारखी पोरं होती, घड वाहणारे गडी होते आणि गुडघे धरून चालणारे तीनचार म्हातारेही होते.

वस्ती आणि मळा यांच्यामध्ये नाला. त्यावर दोन ओंडके टाकून केलेली वाट आणि पलीकडे एका आजीचं खोपट. माणसं उपाशीपोटी निघाली होती, म्हणून आजीने कळण्याच्या भाकरी थापायला घेतल्या होत्या. सगळे एकदमच धावले. एक ओंडका कडाडला. जे पलीकडे पोचले त्यांनी ओट्यावर अशी गर्दी केली की माठ फुटला आणि चुलीत पाणी गेलं. भाकरी कोणालाच मिळाली नाही.

मळ्याचे जुने राखणदार आप्पा हात आडवा धरून उभे राहिले. त्यांनी सगळ्यांना मागे फिरवलं आणि एकेकाला सोडलं. चपळ पोरं आधी, मग गडी, शेवटी म्हातारे. एक ओट्यावरून उतरला की मगच दुसरा ओंडक्यावर. आजीने पुन्हा चूल पेटवली. प्रत्येकाच्या हातावर भाकरी पडली, ठेचा पडला, ओंजळभर पाणी मिळालं. ओंडके टिकले, ओटाही टिकला.

पण आता रांग लांबली. पहिला पोरगा मळ्याशी पोचला तेव्हा शेवटचा म्हातारा नाल्याअलीकडेच होता. पोरगा दोरीकडे धावणार, तोच आप्पांनी त्याला बागेच्या बाहेरच्या बांधावरून वळसा घालायला लावला. गड्यांना मधल्या पायवाटेने पाठवलं. म्हाताऱ्यांसाठी केळीच्या दोन ओळींमधली सरळ वाट ठेवली.

"आप्पा, आमालेच कायले लांबून धाडता?" पोरगा रागावला.

"तू आधी पोचला तं एकटाच वढशीन. एकट्यानं टरक हालत नाही, भो."

पोरगा वळसा घालून आला तेव्हा शेवटचा म्हातारा ओळीतून बाहेर पडत होता. चाळीस हात एकाच वेळी दोरीला लागले. एकच आरोळी झाली आणि ट्रक वर आला.

अत्यंत शक्तिशाली लेसरमध्ये प्रकाशाचा स्पंद, म्हणजे प्रकाशाचा अगदी थोडा वेळ टिकणारा झोत, नेमका याच वाटेने जातो. आखूड स्पंद तसाच बळकट करायला घेतला तर तो ज्या स्फटिकातून जातो तोच जळतो. त्या ओंडक्यासारखं. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात डॉना स्ट्रिकलंड ही विद्यार्थिनी आणि तिचे मार्गदर्शक जेरार मूरू यांनी 1985 साली यावर उपाय प्रसिद्ध केला. आधी स्पंद ताणायचा. आखूड स्पंदात अनेक रंग असतात; काचेच्या लांब तंतूतून जाताना तांबडा पुढे निघतो, निळा मागे राहतो आणि रांग लांबते. मग त्या पांगलेल्या प्रकाशाला बळ द्यायचं. शेवटी ग्रेटिंग नावाच्या, अतिशय बारीक समांतर रेघांच्या दोन पट्ट्यांवरून त्याला असं वळवायचं, की पुढच्या तांबड्याला लांबची वाट मिळावी आणि मागच्या निळ्याला जवळची. सगळे रंग एकाच क्षणी बाहेर पडतात. या शेवटच्या पायरीला स्पंदाचं आकुंचन म्हणतात. तिथे प्रकाश इतका तीव्र होतो की मोठ्या लेसरमध्ये हे काम हवा काढलेल्या पेटीतच करावं लागतं. पट्ट्या जळू नयेत म्हणून झोतही आधी रुंद करून घेतात. या कामासाठी स्ट्रिकलंड आणि मूरू यांना 2018 चं नोबेल मिळालं.

बोध उघड आहे. बळ घेताना पांगावं, काम करताना जुळावं; आणि जुळायचं तर पुढच्याने मागच्यासाठी लांबची वाट धरावी. मला यातला शेवटचा भाग सगळ्यांत अवघड वाटतो. रांगेत पांगायला कुणीही तयार होतो. पुढे असूनही वळसा घ्यायला मन मोठं लागतं, आणि त्या पोराने तो घेतला नसता तर बाकी सगळी व्यवस्था फुकट गेली असती.

एकत्र येण्याने किती फरक पडतो, ते आकड्यांत बघा. शंभर टेरावॅटचा, पंचवीस फेमटोसेकंदांचा एक स्पंद घेतला, तर त्यातली सगळी ऊर्जा अडीच ज्यूल भरते. पाव किलो केळी जमिनीपासून एक मीटर उचलायला तेवढीच लागते. पण ती सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागाहूनही लहान तुकड्यात एकदम येते, म्हणून त्या क्षणापुरती तिची शक्ती भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रात आहेत तशा 500 मेगावॅटच्या दोन लाख संचांएवढी होते. आकुंचनात ऊर्जा वाढली नाही. फक्त सगळी एका वेळी पोचली.

असे लेसर आपल्या देशातही आहेत. एक मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, दुसरा इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात. या दोन शहरांना जोडणारा मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यातून जातो आणि रावेरकरांना बऱ्हाणपूर-खंडव्यावरून इंदूर एका दिवसात गाठता येतं. खानदेशात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनो, या कामाची ही दोन ठिकाणं तुमच्याच रस्त्यावर आहेत. तिथे काम करायचं मनात धरा.