आसऱ्याचा मक्ता

'पनाह' हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि 'मक्ता' अरबीतून. दोन्ही शब्द आपल्या बोलण्यात शेकडो वर्षे नांदले. पण ते एका वाक्यात एकत्र येण्याचा प्रसंग क्वचितच आला असेल. पनाह माणसाने माणसाला द्यायची असते. मक्ता द्यायचा तो जकातनाक्याचा, जंगलाचा, फेरीबोटीचा. ब्रिटनमध्ये मात्र हे दोन शब्द एकाच करारनाम्यावर येऊन बसले आहेत. तेथे आश्रय मागायला आलेल्या माणसाला छप्पर देणे हे सरकारचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि ते कर्तव्य सरकार खासगी कंपन्यांकडून दरमाणशी, दररात्री अशा हिशेबाने पार पाडून घेते. यातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो. कर्तव्य मक्त्याने देता येते का? येत असेल, तर त्यातला कोणता भाग देता येतो आणि कोणता आपल्याच मानेवर राहतो?

आधी व्यवहार समजून घेऊ. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर ब्रिटनची सही आहे. १९९९ च्या कायद्याने असे ठरवले की, आश्रयाचा अर्ज केलेला माणूस निष्कांचन असेल तर त्याला निवारा आणि उदरनिर्वाहापुरती रक्कम द्यायची. मात्र त्याला काम करण्याची मुभा नाही. अर्ज बारा महिने प्रलंबित राहिला तरच तो परवानगी मागू शकतो, आणि ती मिळाली तरी सरकारने ठरवलेल्या मोजक्याच कामांसाठी मिळते. म्हणजे त्याला पोसणे भाग पडते, कारण त्याला कमावू दिले जात नाही. २००० सालापासून या लोकांना लंडन परिसरातून देशभरच्या शहरांत पांगवण्याचे धोरण आले. सुरुवातीला नगरपालिका हे काम मोठ्या प्रमाणावर करीत. २०१२ साली नवे करार झाले आणि ते जवळजवळ सगळे मोठ्या कंपन्यांकडे गेले. २०१९ साली दहा वर्षांचे नवे करार झाले ते सर्को, मिअर्स आणि क्लिअरस्प्रिंग्स या तीन कंपन्यांशी. या करारांचा अंदाजे खर्च तेव्हा साडेचार अब्ज पौंड धरला होता. मे २०२५ मध्ये तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितले की तो १५.३ अब्जांवर जाईल. हॉटेलांत राहणारे लोक एकूण लोकांच्या साधारण एक तृतीयांश, पण खर्चाचा तीन चतुर्थांश वाटा हॉटेलांचा. आणि ज्याच्या नावाने हा सारा खर्च पडतो, त्याच्या हातात २०२४ साली आठवड्याला ४९ पौंड १८ पेन्स पडत होते. जेवण हॉटेलात मिळत असेल तर दहा पौंडांहूनही कमी.

हे आकडे वाचून 'नफेखोरी' हा शब्द ओठांवर येतो. पण प्रश्न इतका सोपा नाही. चांगल्या कामाचा मोबदला घेणे आपल्या परंपरेनेही वाईट मानलेले नाही. जकातीचा पैसा कोणावर खर्चावा याची यादी कुरआनच्या सूरह तौबामध्ये आहे. त्या यादीत गरीब आणि मुसाफिर यांच्याबरोबर जकात गोळा करून वाटणारे कर्मचारीही आहेत. मदरशाचा उस्ताद पगार घेतो, मशिदीचा इमाम पगार घेतो, डॉक्टर फी घेतो. म्हणून पैसे घेतले एवढ्यावरून कंपनीला गुन्हेगार ठरवता येणार नाही. सगळेच काम सरकारी नोकराने केले तर ते दयाळूपणे होईल, असेही कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. सरकारी कचेरीच्या खिडकीवर आपण सर्वांनी केव्हा ना केव्हा रांग लावलेली आहे.

तेव्हा वेगळ्या दिशेने विचार करायला हवा. आपल्या फुकहांनी फर्जाचे दोन प्रकार सांगितले आहेत. फर्ज-ए-ऐन प्रत्येकाने स्वतः अदा करायचा, जसे नमाज, रोजा. फर्ज-ए-किफाया हा समाजावर असतो. काहींनी तो अदा केला तर बाकीचे सुटतात, आणि कोणीच केला नाही तर सगळेच गुन्हेगार ठरतात. मयतीला कफन-दफन देणे या दुसऱ्या प्रकारात येते. बेघर परदेशी माणसाला आसरा देणेही त्याच जातीचे कर्तव्य म्हणता येईल. गावातल्या प्रत्येकाने आपल्या घरात खोली रिकामी केली पाहिजे असे नाही. कोणीतरी केली, बाकीच्यांनी खर्चाचा भार उचलला, तरी चालते. म्हणजे खाट, गादी, जेवणाचे ताट या गोष्टी दुसऱ्याकडून करवून घेता येतात. पण किफायाची एक अट आहे. काम खरोखर झाले की नाही, हे पाहण्याची जबाबदारी सगळ्यांवर राहते. मयत दफन झाली की नाही हे न पाहताच 'अमक्याला पैसे दिले होते' एवढे म्हणून गाव सुटत नाही. मक्त्याने काम देता येते. जाब देण्याची पाळी मात्र देता येत नाही.

ब्रिटनच्या अनुभवात नेमका हाच धागा तुटलेला दिसतो. २०१८ साली ग्लासगो शहरात सर्कोने जाहीर केले की, अर्ज फेटाळले गेलेले सुमारे तीनशे लोक घर सोडत नसतील तर त्यांच्या घरांची कुलपे बदलली जातील. न्यायालयाचा हुकूम न घेता. प्रकरण स्कॉटलंडच्या उच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये अपिलात निर्णय झाला की कुलपे बदलणे बेकायदा नाही. आणि कंपनी सरकारशी करार करून काम करते म्हणून ती स्वतः सार्वजनिक सत्ता ठरत नाही, त्यामुळे मानवी हक्कांच्या कायद्याचे बंधन तिच्यावर थेट येत नाही. ते बंधन सरकारवरच राहते. कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद सुसंगत असेलही. पण दाराबाहेर उभ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. कुलूप बदलणारा म्हणतो, माझे उत्तरदायित्व सरकारकडे. सरकार म्हणते, कुलूप आम्ही बदलले नाही. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरे, आणि तरीही माणूस रस्त्यावर.

यात कोणाच्या मनात द्वेष असावाच लागतो असे नाही, ही गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. जानेवारी २०१६ मध्ये उघडकीस आले की मिडल्सब्रो शहरात आश्रयार्थींच्या पुष्कळ घरांची दारे एकाच लाल रंगाने रंगवलेली होती. त्यामुळे त्रास देऊ पाहणाऱ्यांना घरे ओळखणे सोपे झाले होते. त्याच महिन्यात कार्डिफमध्ये असे आढळले की जेवण मिळण्यासाठी आश्रयार्थींना मनगटावर लाल पट्टी बांधावी लागत होती. ओरड झाल्यावर दोन्ही गोष्टी बदलल्या. दाराला रंग देणाऱ्याने घरे ओळखू यावीत म्हणून तो दिला, असे म्हणण्याचे कारण नाही. पट्टी बांधणाऱ्यालाही बहुधा ताटांचा हिशेब जुळवायचा होता. हिशेबाच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी सोयीच्याच. फक्त दाराआडच्या माणसाला काय वाटेल, हा रकाना त्या हिशेबात नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये पोर्टलंड बंदरात 'बिबी स्टॉकहोम' नावाच्या तरंगत्या वसतिगृहावर लोक नेले आणि काही दिवसांतच पाण्यात रोगजंतू सापडल्याने उतरवले, तेव्हाही हेच घडले. जहाज तयार होते, करार तयार होता, आणि माणसे चढल्यानंतर पाणी धोक्याचे असल्याचे निष्पन्न झाले. पुढे लोक परत चढवले गेले. डिसेंबरमध्ये त्यांतला एक तरुण जहाजावर मृतावस्थेत सापडला. नोव्हेंबर २०२४ अखेर ते जहाज रिकामे करण्यात आले.

ही गोष्ट नवी नाही, आणि आपल्याला परकीही नाही. दोनशे वर्षांपूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरचे हिंदी खलाशी, ज्यांना 'लष्कर' म्हणत, लंडनच्या गोदीत उतरत. परतीचे जहाज मिळेपर्यंत त्यांना थंडीत महिनोन्‌महिने थांबावे लागे. त्यांच्या राहण्या-जेवणाचे काम कंपनीने मक्त्याने दिले होते. १८१४-१५ साली संसदेच्या समितीने शॅडवेल भागातली त्यांची बराक पाहिली, तेव्हा तेथे धड अंथरूण नव्हते आणि शेकोटी नव्हती. पुढे १८५७ मध्ये लाइमहाउस भागात धर्मादाय वर्गणीतून परक्या खलाशांसाठी वसतिगृह उघडले. तेथे खाट बरी होती. पण मिशनऱ्याचा उपदेशही होता. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर कोकण किनाऱ्यावरचे मुसलमान खलाशी पिढ्यान्‌पिढ्या होते. रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत बोटीवर गेलेल्या आजोबा-पणजोबांच्या आठवणी अजून निघतात. त्यांनी लंडनची थंडी कोणाच्या छपराखाली काढली, हे मात्र आपण फारसे विचारले नाही.

या जुन्या गोष्टीतून एक धडा मिळतो. मक्ता वाईट म्हणून धर्मादाय चांगला, असा सरळ हिशेब करता येत नाही. दान देणाऱ्याचाही एक दर असतो, आणि तो कधी आपल्या श्रद्धेत मोजून घेतला जातो. १९५१ चा करार आणि १९९९ चा कायदा यांचे महत्त्व यातच आहे की त्यांनी आसरा हा दानातून काढून हक्कात आणला. सरकारने पैसे मोजणे म्हणजे हक्क मान्य करणे. तेवढ्यापुरता हा मक्ताही जुन्या बराकीपेक्षा वरच्या पायरीवर आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

मग कमी काय पडते? आपण सर्वांनी लहानपणापासून मीलादच्या बयानात ऐकलेली एक घटना आठवावी. मक्केहून हिजरत करून आलेल्या मुहाजिरांना मदिनेच्या अन्सारांशी प्रेषितांनी (स.) भाऊबंदीत जोडून दिले. हजरत साद बिन रबी यांनी आपली अर्धी मालमत्ता हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांच्यापुढे ठेवली. त्यांनी दुआ दिली आणि विचारले, बाजार कुठे आहे तेवढे दाखवा. बयानात आपण यजमानाच्या औदार्यावर सुबहानल्लाह म्हणतो आणि पुढे जातो. पण या प्रसंगात दोन गोष्टी आहेत. एक, यजमानाला नाव होते. पाहुण्याला ठाऊक होते की जाब कोणाला विचारायचा. दुसरी, पाहुण्याला बाजाराचा रस्ता खुला होता. तो कायमचा पाहुणा राहणार नव्हता. मक्त्याने या दोन्ही गोष्टी काढून घेतल्या आहेत. यजमान निनावी झाला, आणि पाहुण्याला बाजारबंदी झाली. त्यात पैसा दररात्रीचा असल्याने मुक्काम लांबला की एकाचे आयुष्य वाया जाते आणि दुसऱ्याचे बिल वाढते. ज्या व्यवहारात एकाची प्रतीक्षा हीच दुसऱ्याची मिळकत असते, तेथे घाई कोण करणार?

मक्त्याने यजमान शहरावरही अन्याय केला आहे. कंपनी स्वस्त घरे शोधते. स्वस्त घरे गरीब शहरांत असतात. म्हणून भार त्यांच्यावरच पडतो, आणि पुष्कळदा गावाला कळते तेव्हा हॉटेल घेतले गेलेले असते. न विचारता यजमान केलेला माणूस यजमान राहत नाही. ४ ऑगस्ट २०२४ रोजी रॉदरहॅमजवळ आत माणसे असलेल्या हॉटेलला जमावाने आग लावण्याचा प्रयत्न केला. त्या कृत्याला कोणतेही कारण माफी देऊ शकत नाही. पण २०२५ मध्ये एपिंग गावच्या हॉटेलवरून न्यायालयात जे घडले ते पाहण्यासारखे आहे. १९ ऑगस्टला उच्च न्यायालयाने आश्रयार्थींना तेथे ठेवण्यास तात्पुरती मनाई केली, २९ ऑगस्टला अपिलात ती उठली, आणि नोव्हेंबरमध्ये कायमची मनाई नाकारली गेली. वाद कशावर झाला? इमारतीच्या वापरात बदल झाला की नाही, यावर. परक्या माणसाचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न बांधकाम परवान्याच्या भाषेत मांडला गेला, कारण तो मांडायला दुसरी जागाच ठेवलेली नव्हती.

कोणी म्हणेल, मदिना लहान गाव होते. आज एक लाखाहून अधिक लोकांची सोय भाऊबंदीने कशी होणार? आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर ब्रिटननेच दिले आहे. २०२२ साली युक्रेनमधून आलेल्या लोकांसाठी सरकारने सामान्य कुटुंबांना आपले घर उघडण्याचे आवाहन केले आणि महिन्याला ३५० पौंड देऊ केले. त्या योजनेतून लाखाहून अधिक लोक आले, आणि त्यांना काम करण्याची मुभा पहिल्या दिवसापासून होती. सगळेच संसार गोडीने चालले असे नाही. काही पाहुण्यांना पुढे घर मिळणे अवघड गेले. तरी यजमानाला नाव आणि पाहुण्याला बाजार, या दोन्ही गोष्टी आधुनिक राज्यातही शक्य आहेत, हे सिद्ध झाले. सुदानी आणि अफगाण माणसाच्या वाट्याला मात्र बहुधा हॉटेलची खोली आली. म्हणजे अडचण संख्येची नव्हती.

हे वाचताना आपल्याला बरे वाटत असेल, तर थोडे थांबू या. १९५१ च्या करारावर भारताची सही नाही, आणि आपली मुले जेथे पोट भरतात त्या सौदी अरेबिया, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहारीन यांपैकी एकाचीही नाही. अन्सारांचा वारसा सांगणाऱ्यांनी हा कागद पाहून ठेवावा. सूरह तौबाची सहावी आयत तर विरोधकाबद्दल आहे. मुश्रिकाने पनाह मागितली तरी ती द्या, आणि मग त्याला सुखरूप जागी पोहोचवा, असा तिचा आशय आहे. पोहोचवणे हा शब्द महत्त्वाचा. ब्रिटनमध्ये निर्वासित म्हणून मान्यता मिळालेल्या माणसाला कित्येक वर्षे सरकारी घर सोडायला २८ दिवस मिळत, आणि अनेक जण त्यानंतर फुटपाथवर आले. हक्क मिळाला, सुखरूप जागा मिळाली नाही.

तेव्हा माझ्यापुरते उत्तर असे. खाट मक्त्याने द्यावी, ताट द्यावे. मात्र तपासणी, तक्रार ऐकणे आणि घराबाहेर काढण्याचा निर्णय हे सरकारने स्वतःकडेच ठेवावे. कारण तेथे जाब देणारा लागतो. पाहुण्याला कामाची मुभा द्यावी. यजमान गावाला आधी विचारावे, आणि श्रीमंत गावालाही विचारावे. एवढे केले तर करारात नफा राहिला तरी फर्ज बुडणार नाही. हे केले नाही, तर पंधरा अब्ज मोजूनही देणे बाकीच राहते. हश्रच्या दिवशी अमालनामा ज्याचा त्याच्या हातात येणार आहे. 'हे काम पोटमक्त्याने दिले होते' असा शेरा त्यात लिहिता येत असेल, असे मला वाटत नाही.