भाजी संपव, मग चॉकलेट

हे वाक्य आपल्या घरांत इतक्या सहज बोलले जाते की त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे आपल्याला वाटतच नाही. मूल जेवले, आई मोकळी झाली, विषय संपला. पण त्या एका वाक्यातून मूल काय शिकते? भाजी ही नाक मुरडून सोसायची वस्तू आणि चॉकलेट हे ती सोसल्याचे बक्षीस! शिवाय पोट भरले की नाही, हे आपल्या पोटाला न विचारता आईच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवायचे, हेही ते शिकते.

अमेरिकेतील लिॲन बर्च व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात काही लहान मुलांना एक पेय प्यायल्याबद्दल बक्षीस किंवा शाबासकी देण्यात आली. पुढे त्या मुलांना ते पेय पूर्वीपेक्षा कमी आवडू लागले. ज्यासाठी लाच द्यावी लागते ती गोष्ट वाईटच असणार, एवढा हिशेब चार वर्षांच्या मुलालाही कळतो.

तेव्हा प्रश्न केवळ जीवनसत्त्वांचा नाही. मुलाचा हट्ट पुरवणे म्हणजे प्रेम करणे का, हा खरा प्रश्न आहे. आपल्या वसईतील कितीतरी आईवडील सकाळच्या लोकलने मुंबई गाठतात आणि दिवेलागणीनंतर परततात. दिवसभर लेकराला वेळ देता आला नाही याची खंत मनात असते आणि स्टेशनबाहेर दहा रुपयांची वेफर्सची पुडी मिळते. त्या पुडीत प्रेम नसते असे कोण म्हणेल? आजी-आजोबांचे तर विचारूच नका. नातवाला ‘नाही’ म्हणणे त्यांच्या जिवावर येते. परंतु त्या पुडीने समाधान होते ते बऱ्याच अंशी देणाऱ्याचे. किडलेले दात, वाढलेले वजन आणि गोडाची चटक मात्र मुलाच्या वाट्याला येते. आपल्या मनाची टोचणी मुलाच्या पोटावर फेडणे न्यायाचे नाही, असे आम्हांला वाटते.

यावर कुणी म्हणेल, मुलालाही मन आहे, त्याला हवे ते खाऊ द्यावे. आहे ना! पण तीन वर्षांच्या मुलाला ‘हवे ते’ नेमके कुठून सुचते? टीव्हीवरच्या जाहिरातीतून आणि दुकानाच्या दारात लटकणाऱ्या रंगीत माळांतून. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी यातून एक शहाणी वाट दाखवली आहे. काय वाढायचे, केव्हा आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवावे. त्यातले किती खायचे, खायचे की नाही, हे मुलाने. म्हणजे लाच नको तशी जबरदस्तीही नको. ‘अजून एक घास काऊचा’ हा लाडसुद्धा पोट भरलेल्या मुलावर जुलूमच असतो. (वजन वाढत नसेल किंवा मूल आजारी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)

याच आपल्या पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे कुपोषणाने मुले दगावली आहेत, हेही पुडी फोडताना आठवायला हरकत नाही.

खाण्याइतकेच खेळणे आणि झोपणे महत्त्वाचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी किमान तीन तास हालचाल करावी, दहा ते तेरा तास झोपावे आणि पडद्यासमोर तासाभराहून अधिक बसू नये. आपल्याकडे मात्र मोबाइल पुढे धरल्याशिवाय घास तोंडात जात नाही आणि लग्नसराईत रात्री बारापर्यंत पोरे मांडवात जागी असतात. खेळायचे तर कुठे? वाड्यांच्या जागी इमारती आल्या आणि चर्चच्या मैदानात रविवारी मोटारी उभ्या असतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात बरोबर उत्तराला आपणही गोळीच देतो! त्याऐवजी पेन्सिल दिली तर? वाढदिवसाला केक-वेफर्सऐवजी आपल्याच वाडीतली केळी वाटली तर?

मुलाने एकदा दुधीची भाजी थुंकली म्हणून ‘त्याला आवडत नाही’ असा शिक्का मारू नये. नवी चव अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा ती ताटात यावी लागते. चमचाभर वाढावी, काही बोलू नये, उरली तर उचलून ठेवावी, आठवड्याने पुन्हा वाढावी. आणि त्या वेळी शेजारी बसलेल्या बाबांच्या ताटातही तीच भाजी असावी, लोणच्याआड सारून ठेवलेली नव्हे.